फुकटात पुसलेला काळोख

एका मुलीनं चार वर्षं खपून काढलेला काळोख मी दोन दुपारींत पुसून टाकला. छप्पन्न पानांचा. वर तिलाच ऐकवलं, "याचं काही लावलं नाही बरं का."

उमरग्यात हायवेला लागून माझा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, तेराव्याची पत्रकं, असलं आमचं साहित्य. बाहेरच्या माणसाला वाटतं, छापणं म्हणजे शाई लावायची आणि कागद दाबायचा. तसं नसतं. निम्मं काम झाडूवाल्याचं असतं. गिऱ्हाईक फोटो आणतं, जुनी पत्रिका आणतं, हातानं काढलेलं चित्र आणतं. ते स्कॅनरवर उलटं ठेवायचं, झाकण लावायचं. झाकण नीट बसलं नाही, कागद जरा गुंडाळलेला असला, की कडेला काळं येतं. कोपऱ्यात काळं, बाजूला काळी पट्टी. मग कॉम्प्युटरवर बसून ते काळं पांढऱ्यानं पुसायचं. नव्या पोराला आम्ही पहिल्या दिवशी हेच शिकवतो: काळी कड दिसली की मार. मी तर यात इतका तरबेज, की घरी भाकरीची करपलेली कड दिसली तरी बोट शिवशिवतं.

या तरबेजपणाचे फटके मला आधीही बसले होते. एकदा दोघे मेंढपाळ भाऊ आईचा फोटो घेऊन आले. म्हातारी वारलेली, श्रद्धांजलीचं पत्रक काढायचं होतं. फोटो जुना, कपाळावर आणि हनुवटीवर हिरवट डाग. मी मन लावून बसलो, एकेक डाग काढला, चेहरा दुधासारखा केला. पत्रक हातात घेऊन थोरला बराच वेळ बघत राहिला. मग धाकट्याला म्हणाला, "आई कुठंय रं यात?" ते डाग नव्हते, गोंदण होतं. सात वर्षांची असताना गोंदलेलं, सरणावर सोबत गेलेलं. थोरला मला शांतपणे म्हणाला, "अप्पा, बाई चांगली छापलीत. पण ही आमची न्हाय." मी परत छापून दिलं. माफी मागितली. आणि शहाणा झालो असं समजून चाललो.

प्रतीक्षा आली ती या शहाणपणानंतर.

मुरुमची मुलगी, तेविशीची. सोबत मामा, एका शाळेत शिक्षक. वडील नसल्यानं घरातलं सगळं तेच बघायचे. दुकानात शिरताना तिनं दाराशेजारच्या कागदाच्या गठ्ठ्याला जोरात ठोकर मारली आणि काही झालंच नाही अशी पुढं आली. मला वाटलं, आजकालच्या पोरी, लक्ष मोबाइलात. पण हातात मोबाइल नव्हता, कापडात गुंडाळलेली फाइल होती.

"अप्पा, चित्रकथा आहे," ती म्हणाली. "नंदा नावाच्या पोरीची. तिला चित्रं काढायचीत आणि तिची नजर जायलीय."

"आणि खरी? म्हणजे तुझी?"

"खरी पण जायलीय," ती म्हणाली, म्हशीला चारा घातला म्हणावं इतक्या सहज. "डोळ्याच्या पडद्याचा आजार. आधी संध्याकाळ गेली. आता कडा जायल्यात. मधलं दिसतं. शाळेत होते तेव्हा पाण्याच्या मोठ्या पाइपातून बघितल्यासारखं दिसायचं, आता रानातल्या ठिबकच्या नळीतून."

मामांनी घसा खाकरला. हे सगळं छापखान्यात सांगायची गरज नव्हती, असा तो खाकरा होता.

"घाई आहे का?" मी विचारलं. हा आमचा ठरलेला प्रश्न. ठरलेलं उत्तर 'परवा लग्न आहे' असं असतं.

"हाय," ती म्हणाली. "छापून आल्यावर ते मला माझ्या डोळ्यांनी वाचायचंय. डॉक्टर तारीख सांगत न्हाईत. म्हणून लवकर. आणि अप्पा, जसं हाय तसं छापा."

आता 'जसं आहे तसं छापा' हे मला प्रत्येक गिऱ्हाईक सांगतं. आणि जसं आहे तसं छापलं की म्हणतं, पोराच्या गालावरची पुटकुळी तेवढी काढायची होती. तेव्हा हे वाक्य मी ऐकत नाही. 'राम राम' म्हणावं तसं ते म्हणतात, 'हो हो' म्हणावं तसं मी म्हणतो. ऑर्डरच्या कागदावर मामांनी स्वतःचा मोबाइल नंबर लिहिला आणि दोघं गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फाइलीतली पानं स्कॅन करून कॉम्प्युटरवर उघडली. पहिली चारपाच पानं सुरेख. मुरुमचा बाजार, मिरच्यांचे ढीग, पाट्याशी बसलेली आई, ओट्यावर झोपलेलं कुत्रं. फक्त कोपऱ्यांत काळं. मी म्हटलं, आलं झाकणाचं काळं. मारलं. पुढच्या पानांवर काळं जास्त. मारलं. विसाव्या पानाला चित्र परातीएवढं गोल आणि भोवती सगळं काळं. तिसाव्याला भाकरीएवढं. मग बांगडीएवढं. एखाद्या शहाण्या माणसाच्या डोक्यात इथं तरी उजेड पडला असता. माझ्या डोक्यात काय पडलं ते लिहायला आज लाज वाटते, पण लिहितो: मला वाटलं, पोरीला दिसत नाही, बिचारीच्या हातून शाई सांडलीय.

बिचारी. हा शब्द मीही वापरला, हे ध्यानात ठेवा. पुढं मी तो इतरांच्या तोंडून ऐकून संतापणार आहे.

आमचे मशीनमन मेहबूबभाई तीस वर्षं माझ्याकडं आहेत. ते मागून येऊन बघत उभे राहिले. "अप्पा, उने बोली थी ना, है वैसाच छापो बोलके?"

"मेहबूबभाई, गिऱ्हाइकाला काय कळतं?"

"नै कळत," ते म्हणाले आणि चहा प्यायला गेले. त्यांच्या 'नै कळत'चा रोख कुणावर होता हे मला तेव्हा नाही कळलं.

शेवटचं पान तर पूर्ण काळं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला वाटलं, शाई टिपायला खाली घेतलेला कागद चुकून फाइलीत आलाय. तो बाजूला टाकला. मेहबूबभाईंच्या मदतनिसानं शाईच्या डब्याखाली अंथरला. पुस्तकाचं एक पान कमी पडायला लागलं. कमी पडलेल्या पानाचं काय करायचं हे कुठल्याही छापखानेवाल्याला विचारा. मी तिथं आमची जाहिरात टाकली. 'लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड व सर्व प्रकारची छपाई सुबक व वेळेवर.' सोबत गणपती.

नजर गेलेल्या मुलीच्या गोष्टीचा शेवट मी असा केला.

छापायच्या आधी नमुना दाखवायची पद्धत असते, ती मी पाळली. सगळी पानं ऑर्डरवरच्या नंबरला मोबाइलवर पाठवली. दहा मिनिटांत मामांचं उत्तर आलं: 'अतिशय छान. छापा.' तीनशे प्रती छापल्या, पिना मारल्या, गठ्ठे बांधले.

गठ्ठे न्यायला दोघं आली. मामांनी बाहेर रिक्षा उभी केली होती. रविवारी शाळेच्या हॉलमध्ये प्रकाशन ठरवलं होतं, पाहुणे सांगितले होते. ते गठ्ठे उचलायला लागले. प्रतीक्षा स्टुलावर बसली आणि तिनं एक प्रत उघडली. ती वाचते कशी हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पान नाकाशी धरायचं आणि मान हलवत डावीकडून उजवीकडं, मग जरा खाली, मग उजवीकडून डावीकडं; रानात औत फिरतं तसं. एक इंचही सोडायचं नाही. आपण अख्खं पान एका नजरेत बघतो आणि म्हणून काहीच बघत नाही.

ती दहाव्या पानापर्यंत गेली, परत पहिल्यावर आली. मग एकदम मधलं पान काढलं.

"अप्पा, कडा कुठायत?"

मी खुर्चीत ऐसपैस झालो. "साफ केल्या. दोन दुपारी बसलो. याचं काही लावलं नाही बरं का."

तिनं पान माझ्यापुढं धरलं. नंदा शाळेच्या आवारात पालथी पडलीय, गुडघा फुटलाय, पोरी हसतायत. "ही कशाला अडखळली?"

मी बघितलं. कोऱ्या पांढऱ्या जागेवर पोरगी आपटली होती. पुढंमागं काही नाही. धड चालता येत नसल्यासारखी.

"तिथं पायरी होती," प्रतीक्षा म्हणाली. "काळ्यात. तिला दिसली न्हाई, तुम्हालाही दिसू नये म्हणून काळ्यात. तुम्ही काळं काढलंत. आता नुसती येडी वाटायलीय." मग तिनं शेवटचं पान उघडलं. गणपतीवरून मान हलवत गेली, 'सुबक व वेळेवर' पाशी थांबली. "आणि माझं शेवटचं पान?"

मेहबूबभाईंनीच ते शाईच्या डब्याखालून काढून आणलं. पाठीला डब्याचा गोल उमटला होता. मी ते पहिल्यांदा उजेडाला धरलं. ती सांडलेली शाई नव्हती. ब्रशानं फासलेलंही नव्हतं. बारीक पेनानं मारलेल्या रेघा होत्या, एकीवर दुसरी, आडव्या, उभ्या, तिरक्या, घोंगडी विणावी तशा. त्या विणीत, बघणाऱ्यानं बघितलंच तर, नंदाची पाठमोरी आकृती होती, पाटीवर वाकलेली, चित्र काढणारी. पूर्ण अंधारात बसून काढणारी. हे एक पान तिला चार महिने लागलं होतं.

गिऱ्हाइकाचं काम बिघडणं मला नवीन नाही. पण हे पान तिच्या हातात परत देताना मी खुर्चीतून उठलो.

मामा हातातला गठ्ठा घेऊनच आत आले. "झालं ते चांगलंच झालंय की. मी तर मोबाइलवर बघितलं तेव्हाच म्हटलं, अप्पांनी सोनं केलं. किती प्रसन्न वाटतंय पुस्तक."

"तेव्हाच?" ती म्हणाली. "मामा, तुम्हाला दिसलं होतं? काळं काढलंय म्हणून?"

मामांना खोटं बोलता येत नाही. शिक्षक आहेत, पण चांगले आहेत. ते म्हणाले, "हे बघ, उन्हाळ्यात तुला बघायला माणसं येणार. गावोगाव हे पुस्तक फिरणार, आणि पानापानावर काय, तर हिचे डोळे चाललेत. कोण करून घेईल? आणि प्रकाशनाचे पाहुणेही म्हणाले, मुलांच्या हातात देताना शेवट आशादायक हवा. शेवटी एखादा सूर्य, एखादा दिवा. मी काय तुझा वैरी आहे का? लोक तुला बिचारी म्हणतील, ते मला ऐकवत नाही."

आता माझं डोकं फिरलं. माझ्या वयाला रक्तदाबाची गोळी असते, ती घेऊनही फिरलं. म्हणजे माझ्या गाढवपणाला या गृहस्थानं आपल्या कामाला जुंपलं होतं. मी चुकून पुसलं. यानं बघून पुसू दिलं. आणि कारण काय, तर पोरीनं आपलं खरं लपवावं म्हणजे ती सुखी होईल. लग्नाच्या पत्रिका छापण्यात माझा जन्म गेलाय. वधू-वरांच्या वयाची, शिक्षणाची, जमिनीची किती सफाई आमच्या टेबलावर होते ते मला विचारा. नवरदेवाचं टक्कल आम्ही भरतो, नवरीचा रंग आम्ही उजळतो, आणि मग दोन वर्षांनी तीच माणसं एकमेकांची तोंडं बघत नाहीत. सगळ्यांना सगळं साफ हवं. काळं दिसलं की मार. तो सूर्य मागणारा पाहुणा एक दिवस तरी ठिबकच्या नळीतून मुरुमचा बाजार ओलांडून दाखवील काय?

आणि दुकानात येणारे इतर तरी कुठले कमी. गठ्ठ्यावरची प्रत चाळून आणि प्रतीक्षाचं माझ्याकडून ऐकून एक गिऱ्हाईक मला म्हणालं होतं, "आंधळी व्हायचीय तर चित्रं काढून उपयोग काय?" अरे, संध्याकाळी परत भूक लागणार म्हणून सकाळी जेवत नाहीस का तू? हे मी त्याला म्हणालो नाही. त्याच्या पत्रिकेचा नमुना व्हायचा होता. हेही माझ्या चुकांत धरा.

त्या दिवशी मात्र बोललो. "सर, गठ्ठा खाली ठेवा. हे पुस्तक चुकीचं आहे. चूक माझी आहे. ते दुकानाबाहेर जाणार नाही."

"रविवारी कार्यक्रम आहे अप्पा."

मी मग मधला रस्ता काढायला गेलो. म्हटलं, शेवटचं पान वेगळं छापून चिकटवू, मधल्या दहाबारा पानांना काळी कड देऊ, रविवार निभावेल.

प्रतीक्षानं माझ्याकडं मान फिरवली आणि ठिबकच्या त्या नळीतून मला बरोबर मधोमध धरलं. "अप्पा, पुस्तकात पोरीला शेवटपर्यंत चांगलं दिसतंय. मग हे पुस्तक कशाचंय? कापा."

"काय कापू?"

"सगळं."

आमच्याकडं कटिंग मशीन आहे. गठ्ठा पात्याखाली सरळ करायचा, दाब द्यायचा, दांडा ओढायचा. मामा म्हणाले, "तीनशे प्रती आहेत, वेडेपणा करू नका." मेहबूबभाईंनी पहिला गठ्ठा पात्याखाली सारला आणि माझी वाटही न बघता दांडा ओढला. मामा तसेच बाहेर गेले, रिकाम्या रिक्षात बसून निघून गेले. प्रतीक्षा तिथंच बसून राहिली. दर दांड्याच्या आवाजाला तिच्या खांद्यांना किंचित हिसका बसत होता. शेवटच्या गठ्ठ्यापर्यंत ती जागची उठली नाही.

ते कापलेले कागद मी रद्दीत दिले नाहीत. त्याच्या वह्या केल्या. कोऱ्या जागा भरपूर होत्या. मीच करून ठेवल्या होत्या. ऑर्डरी त्यावरच लिहितो. हा लेखही आधी त्यावरच लिहिला, पालथ्या पडलेल्या नंदाच्या अंगणात.

रविवार कार्यक्रमाविना गेला. पुन्हा छापणं सोपं नव्हतं. काळं छापणं हे सगळ्यात अवघड काम, हे बाहेर कुणाला खरं वाटत नाही. शाई जास्त झाली की रेघा एकमेकींत मिसळून डांबर होतं. कमी झाली की काळोख राखेसारखा दिसतो. कागद ओला राहिला की वरच्या कागदाच्या पाठीला डाग. तेव्हा पन्नास कागद छापायचे, पसरायचे, वाळू द्यायचे, मग पुढचे. धुळीचा कण बसला की काळ्यात पांढरा ठिपका उठतो. मशीन थांबवा, पुसा, परत चालवा. मेहबूबभाईंनी लग्नसराई असूनही बाकी कामं मागं ठेवली. "शादीयां हर साल होते," म्हणाले.

प्रतीक्षा रोज सकाळच्या गाडीनं मुरुमहून यायची आणि अंधार पडायच्या आत परत जायची. मशीनमधून निघालेला पहिला कागद नाकाशी धरायची, औत फिरवायची. "इथं रेघ बुजली." "इथं फिकं झालं." मी चष्म्यावर भिंग धरून बघायचो तेव्हा मला ते दिसायचं. त्या दिवसांत मी एकदाही कॉम्प्युटरला हात लावला नाही. मेहबूबभाईंनी माझी खुर्चीच तिथून उचलली होती.

आठव्या दिवशी ती आली तशी बसून राहिली. कागद हातात दिला तर नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लावला.

"काय बघायलीस?" मी विचारलं.

"कमी झालंय," ती म्हणाली. "मागल्या आठवड्यात एका नजरेत नंदाचं तोंड मावत होतं. आज डोळा आणि नाकच मावायलंय. मेहबूबचाचा, शेवटचं पान आज घ्या."

मेहबूबभाईंनी कुठलाही प्रश्न न विचारता प्लेट बदलली. दुपारपर्यंत शेवटचं पान छापलं. कागद पंख्याखाली पसरले, आम्ही तिघं खाली बसलो. तिनं एक कागद घेतला. पाठमोऱ्या नंदावरून ती मान हलवत गेली, सावकाश, पाटीपर्यंत. तिला सगळं दिसलं. माझ्यासाठी तो छापखान्यातला सगळ्यात चांगला दिवस होता, आणि तिथंच थांबलो असतो तर तुमच्यापुढं जरा बऱ्या तोंडानं उभा राहिलो असतो.

पण तिच्या हातातल्या कागदावर मला कोपऱ्यात एक पांढरा ठिपका दिसला. मोहरीएवढा. पुढच्या कागदावरही होता. शेवटच्या बऱ्याच कागदांवर होता. धूळ बसली आणि आमच्या तिघांच्या नजरेतून सुटली. मी गुपचूप उठलो, टेबलावरचा काळा मार्कर घेतला आणि खाली बसून पहिल्या कागदाकडं वाकलो. एक ठिपका भरायला असा कितीसा वेळ लागतो?

तिला कडेचं काही दिसत नाही. पण टोपण निघाल्याचा आवाज तिनं ऐकला.

"अप्पा, टोपण लावा," ती मान न वळवता म्हणाली. "माझ्या डोळ्यांनी चार वर्षांत नेलं न्हाई तेवढं तुम्ही दोन दुपारींत नेलंत."